पार्ट यायलाय

आमच्या कळंब-येरमाळ्याच्या पट्ट्यात काही वाक्यांना तारीख नसते. ‘पाऊस यायलाय’, ‘यष्टी यायलीय’, ‘टँकर यायलाय’. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यात एकाची भर पडली आहे, ‘पार्ट यायलाय’. पावसाचं मी समजू शकतो. त्याला वाटेत डोंगर आडवा येतो, वारं फिरतं, हवामान खातंही तोंडघशी पडतं. पार्टला असलं काही होत नाही. तो कुठल्या तरी गोदामात फळीवर पडलेला असतो. त्याच्यावर नंबर असतो, किंमत असते, आणि तो आधी कुठं धाडायचा आणि शेवटी कुठं, हे तिथली माणसं ठरवतात. आमचा नंबर शेवटी लागतो तो कुणीतरी लावलेला असतो. तरीही आमच्याकडचे शहाणे लोक ‘खेड्यात आसंच आसतंय गुरुजी’ म्हणून मान हलवतात, तेव्हा माझं डोकं फिरतं.

एप्रिल २०२४ ची गोष्ट. १९ तारखेच्या रात्री अवकाळीचं वारं सुटलं आणि आमच्या गल्लीच्या डीपीवरचा न्यूट्रल तुटला. शहरातल्या वाचकाला यात काय मोठं असं वाटेल, म्हणून सांगतो. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा तारा निघतात. घरात एक फेज आणि न्यूट्रल मिळून दोनशे तीस व्होल्ट येतात. मधला न्यूट्रलच तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि ज्या घरात कमी वस्तू चालू असतील तिथं व्होल्टेज साडेतीनशेच्याही वर चढू शकतं. दिवे क्षणभर लख्ख झाले, कुठंतरी फट्ट असा आवाज आला आणि जळक्या वासानं घर भरलं. सकाळी मोजदाद केली तर सात घरांतलं सामान गेलेलं. तीन टीव्ही, दोन फ्रीज, एक वॉशिंग मशीन, सेटटॉप बॉक्स तर किती ते सोडा. त्या दोन फ्रीजपैकी एक आमचा.

फ्रीज आम्ही २०२३ च्या दिवाळीत घेतला होता, तालुक्याच्या दुकानातून, बारा हप्त्यांवर. दारावर भलामोठा स्टिकर, ‘कंप्रेसरला १० वर्षांची वॉरंटी’. त्याखाली दुसरा, ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’. हा दुसरा स्टिकर कुणासाठी छापतात? मुंबईत ज्याच्या घरात व्होल्टेज हलत नाही त्याला त्याचं काय कौतुक? तो आमच्यासारख्यांसाठीच असतो. आणि फ्रीज जळाल्यावर वॉरंटीच्या कागदाच्या पाठीमागं मुंगीएवढ्या अक्षरात सापडतं की व्होल्टेजच्या चढउतारानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. दहा वर्षांच्या कंप्रेसरचंही तसंच. हे नवे कंप्रेसर इन्व्हर्टरवर चालतात, म्हणजे त्यांना चालवणारं एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतं. बोर्ड गेलं की कंप्रेसर ठणठणीत असून मुका. बोर्डाला वॉरंटी एक वर्षाची. बैलाची हमी दहा वर्षं आणि कासऱ्याची एक वर्ष, अशातला प्रकार.

तरी मी त्यावर वाद घातला नाही. म्हटलं, पैसे घ्या पण बोर्ड द्या. कारण घरात माय होती. वय ८१, वीस वर्षांची साखर, दोन वेळा इन्सुलिन.

न उघडलेली इन्सुलिनची बाटली दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. उघडलेली चार आठवड्यांपर्यंत बाहेर चालते, पण बाहेर म्हणजे पंचवीस-तीस अंशांच्या आत. आमच्याकडं एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली काय असतं ते बसून बघावं. चाळीस तर रोजचं. मग मी काय केलं, तर एक लहान माठ घेतला, तो ओल्या वाळूत बसवला, वरून ओलं गोणपाट, आणि आत प्लास्टिकच्या डबीत ती बाटली. वाळू दिवसातून चारदा भिजवायची. न उघडलेल्या बाटल्या कळंबला एका मेडिकलवाल्याच्या फ्रीजमध्ये, त्याच्या मेहेरबानीवर. गाव ते कळंब चौदा किलोमीटर. बाटली संपत आली की मोटारसायकलवर जायचं, थर्मासमध्ये बर्फ घालून, मध्ये कापड, म्हणजे बाटली बर्फाला टेकायला नको. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. माय म्हणायची, ‘माह्यापायी किती हेलपाटे घालतूस रे.’ तिला काय सांगणार, की तुझ्यापायी नाही, एका हातभर बोर्डापायी.

टोल फ्री नंबरवरच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. ती बिचारी हिंदीत बोलत होती आणि नम्रही होती. ‘सर, धाराशिव कौन सा डिस्ट्रिक्ट है?’ जिल्ह्याचं नाव २०२३ सालीच बदललं. तिच्या यादीत ते पोचलं नव्हतं. उस्मानाबाद म्हटल्यावर सापडलं. मग कळंब. कळंब यवतमाळ जिल्ह्यातही आहे, तोही तालुकाच. तिनं आधी तोच उघडला. पिनकोड तीनदा सांगितला तेव्हा आम्ही मराठवाड्यात आलो. मग कळलं की आमच्या पिनकोडला ‘कंपनीची थेट सेवा’ नाही, शेजारच्या जिल्ह्यातला एजन्सीवाला येईल. विकताना थेट, दुरुस्त करताना आडून. दुकानदारानं फ्रीज विकला तेव्हा पिनकोड विचारला नव्हता.

तेराव्या दिवशी, २ मे रोजी, एक पोरगा आला. बोर्ड बघून म्हणाला, ‘उडालंय काका. चार हजार आठशे.’ मी तिथंच पैसे ऑनलाइन भरले. ‘आठ दिवसांत येतंय.’ आठ दिवसांनी मीच फोन केला. ‘पार्ट यायलाय.’

आणि मग तो ओटीपीचा खेळ सुरू झाला. एक दिवस फोन आला, ‘काका, तुमच्या मोबाइलवर नंबर आला असंल, तेवढा सांगा.’ कशाला? ‘जुनी कंप्लेंट बंद करून नवीन टाकावी लागतीय.’ हा ओटीपी म्हणजे काम झालं अशी ग्राहकाची सही असते. कंपनीच्या संगणकावर तक्रार ठरावीक दिवसांत मिटली पाहिजे, नाहीतर लाल होते. म्हणून लाल व्हायच्या आत मिटवायची आणि नव्यानं नोंदवायची. मी सांगितला नाही. तरी आमची तक्रार दोनदा ‘ग्राहक घरी नव्हते’ म्हणून बंद झाली. मी रिटायर माणूस, वाळू भिजवत घरातच होतो. मुंबई-पुण्याच्या ऑफिसात बसून जो कोणी आमच्या जिल्ह्याचा तक्ता बघत असेल त्याला धाराशिव हिरवंगार दिसत असणार. आमच्या जिल्ह्याला एवढं हिरवं बघायची सवय नाही.

त्या पोराशी मात्र मी भांडलो नाही, आणि कुणी भांडू नये. दुसऱ्यांदा आला तेव्हा चहा पिता पिता त्यानं सगळं सांगितलं. पगार असा नाही, मिटवलेल्या तक्रारीमागं पैसे. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं. शंभर किलोमीटर जाऊन-येऊन एका फ्रीजसाठी परवडत नाही, म्हणून एका रस्त्यावर चार-पाच तक्रारी साठेपर्यंत तो थांबतो. एजन्सीवाला पार्ट आगाऊ पैसे भरून मागवतो, म्हणून तो जास्त माल धरत नाही. जो पार्ट शहरात दहा ठिकाणी लागतो तोच ठेवतो. वरून ग्राहकानं कमी तारे दिले की दंड. म्हणजे कंपनीनं उशिराचा सगळा भार दोन टोकांना ढकलला आहे, एका टोकाला हे पोरगं आणि दुसऱ्या टोकाला माझी माय. मधल्यांचं काही अडत नाही.

आता कुणी म्हणेल, लांबच्या गावात लवकर पोचणं शक्यच नसतं. ७ मे २०२४ ला आमच्याकडं लोकसभेचं मतदान झालं. मी नोकरीत असताना कितीतरी निवडणुका केल्या आहेत. मतदान यंत्र बंद पडलं तर जवळच्या रस्त्यावर फिरणाऱ्या अधिकाऱ्याच्या जीपमध्ये राखीव यंत्र असतं, थोड्या वेळात ते शाळेत हजर होतं. तेच रस्ते, तेच खड्डे. कुणालातरी उत्तर द्यावं लागतं म्हणून यंत्र पोचतं.

ते सोडा, सरकारी आहे. आमच्या विहिरीवरच्या मोटारीचं बघा. उन्हाळ्यात मोटार जळाली की शेतकरी ती खांद्यावर टाकून कळंबला नेतो. वायंडिंगवाला ती उघडतो, जळकी तार काढतो, वजनावर नवी तांब्याची तार भरतो, बेअरिंग, बुश, सील बदलतो. संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी मोटार परत विहिरीवर. हंगामात हे लोक रात्र रात्र जागून मोटारी भरतात, कारण एका दिवसानं ऊस वाळतो हे त्यांना ठाऊक असतं. हा वायंडिंगवाला काही मोठ्या कॉलेजात शिकलेला नाही. त्याच्याकडं तीन गोष्टी आहेत. तार कुठंही मिळते. ६२०४ नंबरचं बेअरिंग कळंबला, बार्शीला आणि जर्मनीत एकाच मापाचं असतं. आणि मोटार कशी भरायची हे कुणी कुलपात ठेवलेलं नाही. म्हणून मला ‘खेड्यात तंत्रज्ञ मिळत नाहीत’ हे ऐकवत नाही. खेड्यात तंत्रज्ञ आहेत. त्यांना पार्ट विकत नाहीत.

जुन्या फ्रीजचंही हेच होतं. थर्मोस्टॅट, रिले, ओव्हरलोड, गॅस. तालुक्याच्या कुठल्याही रेफ्रिजरेशनवाल्याकडं हे तीन डबे असायचे आणि कुठल्याही कंपनीच्या फ्रीजला थोड्याफार फरकानं चालायचे. आता मॉडेलगणिक बोर्ड वेगळं. ते बोर्ड कंपनी फक्त आपल्या एजन्सीला देते, त्याचा नकाशा तर कुणालाच देत नाही. कळंबला आयटीआय झालेला एक पोरगा आहे, हिंदी व्हिडिओ बघून बघून तो ही बोर्डं उघडायला शिकला. त्याच्या दुकानात गेलं की फळीवर बोर्डं मांडलेली, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर गावाचं नाव. निम्मी तो करून देतो. बाकीच्यात एखादी चिप अशी असते की ती बाजारात मिळत नाही, आणि मिळाली तर कोरी असते, आतला प्रोग्राम कंपनीपाशी. आमचं बोर्ड त्यानं बघितलं. म्हणाला, ‘गुरुजी, कंपनीनं नुसतं हे बोर्ड काउंटरवर विकलं आसतं तर म्या दुपारीच बसवून दिलं आसतं.’ दुपारीच.

जुन्या काळची आठवण काढली की लगेच कुणीतरी बलुत्याचं गाणं लावतो. लोहार मिरगाच्या आधी फाळ शेवटून द्यायचा, सुतार तिफण नीट करून द्यायचा, पैशाचा विषय नाही, वगैरे. मला त्यात रमायचं नाही. त्या व्यवस्थेत दुरुस्ती करणाऱ्याच्या पदरात काय पडायचं आणि त्याला कुठं बसवायचे हे आमच्या पिढीनं बघितलेलं आहे. एक गोष्ट तेवढी खरी होती. वस्तू कधी लागणार आहे, हे दुरुस्त करणाऱ्याला माहीत असायचं. पेरणी झाल्यावर फाळ देऊन उपयोग नाही हे लोहाराला सांगावं लागत नव्हतं. इथं माझी तक्रार ज्या संगणकात पडली त्याला मे महिना माहीत नाही.

फ्रीज म्हणजे चैन, गावात माठ आहे की, असं म्हणणारे पुण्यातले नातेवाईक मला भेटले आहेत. ते स्वतः माठातलं पितात का हे मी विचारलं नाही. भूम-कुंथलगिरीकडं जाऊन बघा. खव्याचा धंदा करणाऱ्याचा डीप फ्रीझर बंद पडला तर त्याच्या दृष्टीनं त्यात चैन कुठली? आणि घरातल्या बाकीच्या यंत्रांचं काय सांगू. आमच्या गल्लीतलं ते वॉशिंग मशीन ज्या घरात जळालं, तिथं सासू, सून आणि दोन लेकरं. सून आशा कार्यकर्ती आहे, सकाळी सातला बाहेर पडते. मशीन बंद पडल्यापासून ती पहाटे साडेचारला उठून कपडे धुवायला लागली. घरातल्या पुरुषाला मशीन बंद आहे हे आठवत होतं की नाही कोण जाणे, त्याचे कपडे तर रोज धुतलेले मिळत होते. मिक्सर बिघडला तर पाटा-वरवंटा आहे म्हणणारा माणूस पाट्यावर कधी बसत नाही. पार्ट थांबला की त्याचं काम कुणाच्या अंगावर जाऊन पडतं ते बघायला हवं. बहुतेक घरांत ते एकाच माणसाच्या अंगावर पडतं, आणि टोल फ्री नंबरला फोन करणारा माणूस तो नसतो.

या सगळ्यात वेळेवर चालणारी एकच गोष्ट होती, हप्ता. फ्रीज घेताना फायनान्सवाल्या पोरानं आधार, पॅन, एक फोटो घेऊन दहा मिनिटांत कर्ज मंजूर केलं होतं. त्याला आमचा पिनकोड अडला नाही. दर महिन्याच्या ५ तारखेला २,१०० रुपये खात्यातून जात. मे गेला, जून गेला, जुलै गेला. फ्रीज बंद आहे म्हणून हप्ता थांबवा म्हटलं तर ‘तो विषय वेगळा आहे सर’. आमचा हप्ता एक दिवस चुकला तर दंड, बँकेचा वेगळा, त्यांचा वेगळा. त्यांचा पार्ट दोन महिने चुकला तर ‘असुविधा के लिए खेद है’. एकाच वस्तूच्या एकाच व्यवहारात एका बाजूचं घड्याळ सेकंदावर चालतं आणि दुसऱ्या बाजूला घड्याळच नाही, याला मी व्यवहार म्हणायला तयार नाही.

हे जगात सगळीकडं असंच असतं असंही नाही. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून नियम लागू आहे. फ्रीज विकणाऱ्या कंपनीनं थर्मोस्टॅट, तापमानाचे सेन्सर आणि हेच ते इलेक्ट्रॉनिक बोर्ड, मॉडेल विकणं बंद झाल्यावरही किमान सात वर्षं उपलब्ध ठेवायचं, बाहेरच्या व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांनाही द्यायचं, आणि मागणी आल्यापासून कामाच्या १५ दिवसांत पोचवायचं. वॉशिंग मशीनच्या पार्टला दहा वर्षं. आपल्याकडं फ्रीज विकणाऱ्या काही कंपन्या तिथंही विकतात. तिथं त्यांना जमतं. आपल्याकडं ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरवली, आणि २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. चांगलं केलं. मी ते उघडून बघितलं. कंपन्यांचे फोन नंबर आहेत, वॉरंटीची माहिती आहे. त्या फोन नंबरांपैकी एकावर तर मी एप्रिलपासून बोलतच होतो. पंधरा दिवसांची सक्ती नाही, बाहेरच्या मिस्त्रीला बोर्ड विकायची सक्ती नाही. तेवढं लिहिलं तर बाकीचं पोर्टल नसलं तरी चालेल. आणि बिलावर, किमतीच्या खाली, जवळचं दुरुस्ती केंद्र किती किलोमीटरवर आहे ते छापा. गिऱ्हाईक बघून घेईल.

मिरीग निघाला, पहिला पाऊस झाला, सोयाबीन पेरून झालं. पार्ट यायलाच होता.

८ जुलैला मी कंपनीला रजिस्टर एडीनं नोटीस पाठवली. वकील लावला नाही, आयुष्यभर मुलांना पत्रलेखन शिकवलंय. तारखा लिहिल्या, भरलेल्या ४,८०० रुपयांची पावती जोडली, दोनदा खोटी बंद केलेली तक्रार लिहिली, मेडिकलवाल्याचं पत्र जोडलं. आणि लिहिलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणं ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळं तुमचं ऑफिस दिल्लीत असो की आणखी कुठं, तुम्हाला धाराशिवला यावं लागेल. पाच लाखांच्या आतल्या वस्तूसाठी तक्रारीला फीसुद्धा नाही. पंधरा दिवस थांबतो.

नवव्या दिवशी, १७ जुलैला, पोरगा बोर्ड घेऊन दारात. तक्रार केल्यापासून ८८ दिवस. बसवायला त्याला पंचवीस मिनिटं लागली. मी खोकं हातात घेऊन बघितलं. खोक्यावर पॅकिंगचा महिना छापला होता, फेब्रुवारी २०२४. आमच्या गल्लीचा न्यूट्रल तुटायच्या दोन महिने आधी ते बोर्ड खोक्यात भरून तयार होतं. पोराला दाखवलं. तो हसला, म्हणाला, ‘काका, ओटीपी सांगा.’ या वेळी सांगितला.

संध्याकाळी माठातली बाटली काढून फ्रीजच्या दारात ठेवली. दुसऱ्या दिवशी कळंबहून बाकीच्या आणल्या. आठ दिवसांनी कंपनीचा फोन आला, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल. मी विचारलं, ८८ दिवसांचे की पंचवीस मिनिटांचे? बाई म्हणाल्या, तसा पर्याय नाही.

तेव्हापासून लोक बिलं घेऊन माझ्याकडं येतात. आतापर्यंत सहा नोटिशी लिहिल्या, चार घरांचे पार्ट आले. त्या आशाताईंच्या मशीनची नोटीस मीच लिहिली. पण त्यांच्याकडं पक्कं बिल नाही, दुकानदारानं साध्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिलेली. तोच दुकानदार आता म्हणतो बिल काढून देतो, पण मशीनचा नंबर शोधावा लागेल, वहीत बघावं लागेल. काल विचारलं तर वही पुतण्याकडं आहे, पुतण्या बार्शीला गेलाय.